लुटुपुटुची लढाई आणि घरची माणसं : तुमचे अनुभव लिहा

सईची_आई: कपाट आवरताना लोखंडी कड्यांचं चिलखत हाती लागलं आणि सगळं आठवलं. आम्ही इंग्लंडात असताना नवरा आणि लेक हेस्टिंग्जच्या लढाईत उतरायचे. मूळ लढाई १४ ऑक्टोबर १०६६ ची. ऑक्टोबरातच बॅटल गावच्या मठापाशी ती पुन्हा उभी करतात. चिलखत दहा-बारा किलोचं! नवशिके सगळं ओझं खांद्यावर पेलतात. कमरेला पट्टा करकचून आवळला की बरंचसं वजन कमरेवर उतरतं, हे लेकीनेच बापाला शिकवलं. ती इंग्लंडच्या सॅक्सन राजा हॅरल्डच्या ढालींच्या भिंतीत, तो फ्रान्सकडून चालून आलेल्या नॉर्मनांकडे. नॉर्मन पळाल्याचं सोंग करतात, सॅक्सन भिंत मोडून मागे धावतात... निकाल ठाऊक असूनही तिथे माझा जीव खालीवर व्हायचा. तुमच्या घरचं कुणी उतरतं का असं रणात?

गडकरी_नाना: पळाल्याचं सोंग? हा तर गनिमी कावाच की!

पाऊसवेडी: भाऊ अमेरिकेत गेटिसबर्गला जातो, तिथल्या यादवी युद्धातली लढाई खेळायला. जुलैचं ऊन, अंगात लोकरीचा कोट. काडतुसाचा कागद दाताने फाडून दारू नळीत ओतायची, गोळी अर्थात नसते. संध्याकाळी ओठ काळेकुट्ट. १८६३ च्या खऱ्या रणभूमीवर मात्र समोरासमोर लढाई करू देत नाहीत, ती शेजारच्या खासगी शेतात होते. मला पटतं ते. तिथे हजारोंनी माणसं पडलीत.

सईची_आई: +१. नाना, अगदी अगदी!

कुंदा५८: मी पाणी द्यायचे. घागर घेऊन पडलेल्यांमधून फिरायचं. मेलेलेच जास्त पाणी मागतात, उन्हात निपचित पडायचं म्हणजे चेष्टा नाही. बस आली, उरलेलं नंतर.

भालदार: आम्ही इंग्लिश यादवी युद्धवाले, सील्ड नॉट. १९६८ पासूनची संस्था. सोळा फुटी भाले, बायको ढोलावर. गर्दीत मला काही दिसत नाही, पण तिचा ठेका बरोबर ओळखू येतो.

मुक्ता_क: सईची आई, चिलखताला गंज चढला असेल तर काय करता? आमचं पार तांबडं झालंय.

सईची_आई: कोरड्या फडक्याने खसाखसा घासा, मग तेलाचा हात. ओलं कधीच ठेवू नका.

रानवाटा: आमचा धाकटा पहिल्यांदा बघायला आला आणि बाबा पडले तसा हंबरडा फोडून दोरी ओलांडून धावला. समजूत काढता काढता पुरेवाट. आता आधीच सांगून ठेवतो: बिगुल वाजला की बाबा उठणार. हल्ली तोच शेजारच्या पोरांना समजावतो.

मुक्ता_क: किती गोड! तेल कुठलं, खोबरेल चालेल?