एकाच घरात राहून 'वेगळं राहणं' धरतात का?

देवगडजवळचे आहोत आम्ही. लग्नाला 9 वर्षं, मूल नाही. भांडण असं नाही, संपलंय एवढंच. दोन वर्षं मी माडीवर, ते खाली ओटीवर झोपतात. सासूबाईंमुळे निघवत नाही. आंब्याच्या पेट्यांचा हिशेब अजून मीच लिहिते, बोला आता! दोघांच्या संमतीने घटस्फोट घ्यायचाय, पण वर्षभर वेगळं राहावं लागतं म्हणे. मग भाड्याची खोली घेऊन नव्याने वर्ष मोजायचं का?

चिपळूणकरीण: नको गं. हिंदू विवाह कायदा 1955, कलम 13ब. सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्येच सांगितलंय, नवरा-बायको म्हणून न राहणं महत्त्वाचं, छप्पर एक असलं तरी चालतं. अर्जात तसं स्पष्ट लिहा.

खाडीकाठ: पहिल्या अर्जानंतर सहा महिने थांबावं लागतं. पण 2017 च्या निकालापासून कोर्ट ते माफ करू शकतं, वेगळा अर्ज द्यावा लागतो. आमच्या वकिलांनी हे सांगितलंच नाही! आणि दागिने, पोटगी सगळं कागदावर आणा. माझ्या पाटल्या 'नंतर देतो' म्हणाले, त्या अजून येतायत.

चिपळूणकरीण: आणि हुकूम होईपर्यंत दोघांपैकी कुणीही संमती मागे घेऊ शकतं, हे लक्षात असू दे.

मूळ प्रश्नकर्ती: आभार. ते मागे घेणार नाहीत, काल स्वतःच लग्नाचा दाखला शोधून दिला. पिठाच्या डब्यामागे होता. सासूबाईंना मात्र कुणी सांगायचं, यावर दोघंही गप्प.