अव्वाच्या मर्फीवर १०३.४ का लागत नाही?

साखरपेठेतली_नात:
घर आवरताना माळ्यावर अव्वाचा, म्हणजे माझ्या आजीचा, मर्फी ट्रान्झिस्टर सापडला. कातडी केस, आणि केसच्या कप्प्यात पोस्टाची तिकिटं चिकटवलेलं रेडिओ लायसनचं पुस्तक. मोठे सेल घातले तर खरखर आली, म्हणजे जीव आहे. रात्री एक कानडी स्टेशनही लागलं. पण आपली आकाशवाणी सोलापूर, १०३.४, काही केल्या सापडेना. अव्वा मांडीवर सूप घेऊन विड्या वळायची आणि शेजारी हा रेडिओ दिवसभर चालू असायचा, असं आई सांगते. मग ती ऐकायची तरी काय? आणि सोलापुरात एफएम नक्की कधी आलं? मामा म्हणतो, बिग एफएम आलं तेव्हा. आईला ते पटत नाही.

विजापूर_वेस:
मामा बरोबर. बिग एफएम ९२.७ आलं आणि सोलापूर एफएम ऐकायला लागलं. त्याआधी नुसती आकाशवाणी होती.

कन्ना_चौक_रेडिओवाला:
का बे विजापूर वेस, "नुसती आकाशवाणी" म्हणजे? १०३.४ हे एफएम नाही तर काय आहे? आपल्या गावात ही गंमत जुनीच. खासगी स्टेशनला लोक "एफएम" म्हणतात आणि सरकारीला "आकाशवाणी", जसं काही एक हवेतून येतं आणि दुसरं नळातून. सोलापूरचं आकाशवाणी केंद्र एफएमवरचंच. सातारा, धुळे, बीड, उस्मानाबाद इथं निघाली तसलं स्थानिक केंद्र. देशातलं असलं पहिलं केंद्र १९८४ साली नागरकोईलला झालं. खासगीवाले फार नंतरचे. त्यातलं देशातलं पहिलं २००१ मध्ये बंगळूरला, आणि आपल्यासारख्या गावांचा नंबर लागला तो २००५ च्या धोरणानंतर. तेव्हा आईला सांग, तू जिंकलीस.

आता तुझा मर्फी. पोरी, त्याच्या काचेवर बघ, मिडियम वेव्ह आणि शॉर्टवेव्ह एवढेच पट्टे असतील. मिडियम वेव्ह साधारण ५३० ते १६०० किलोहर्ट्झ. एफएम ८८ ते १०८ मेगाहर्ट्झ. काटा कितीही फिरव, तो त्या गावाला जातच नाही. नुसती कॉइल बदलूनही भागत नाही. जुन्या सेटचं आतलं आयएफ, म्हणजे कुठलंही स्टेशन पकडलं की सेट त्याला आत ज्या एका ठरावीक कंपनसंख्येवर आणतो ती, ४५५ किलोहर्ट्झचं आणि एफएमला लागतं १०.७ मेगाहर्ट्झचं. म्हणजे पोटच वेगळं.

आपलं केंद्र सुरू झालं तेव्हा हेच झालं होतं. गावाला स्वतःचं स्टेशन मिळालं आणि गावातल्या निम्म्या सेटवर ते लागेना! माझ्या टेबलावर रांग. "काका, सगळे म्हणतात सोलापूर लागतं, आमचं का लागत नाही?" मग एफएमचं किट यायला लागलं, काडेपेटीपेक्षा जरा मोठी पट्टी. ती सेटच्या पोटात बसवायची, आवाज जुन्याच स्पीकरवर घ्यायचा आणि बाजूला भोक पाडून एक बटण. सुरुवातीला मी एका म्हाताऱ्याच्या बुश कंपनीच्या रेडिओच्या डायललाच भोक पाडलं, अजून वाईट वाटतं. नंतर शिकलो, पाठीमागून काम करायचं.

पण एकदा लागलं की लोक खूश. गावाच्या पूर्व भागात मिडियम वेव्ह ऐकणं म्हणजे शिक्षा होती. यंत्रमागाचा स्टार्टर पडला की कडकड, ट्यूबचा चोक घुमला की घरघर. मिडियम वेव्हचा सेट हा कचरा आवाजात मिसळून देतो, कारण तिथं आवाज लहरीच्या उंचीवर बसलेला असतो. एफएममध्ये तो कंपनसंख्येच्या बदलात असतो. उंचीवर चढलेला कचरा सेट कापून टाकतो. अशोक चौकात मागाच्या खटखटीत सेट मोठा ठेवला तरी गाणं स्वच्छ यायचं.

अव्वा काय ऐकायची? माझा अंदाज सांगतो. दिवसा पुणे, पुसटसं. पुण्याच्या सात वाजून दहा मिनिटांच्या बातम्यांवर अर्धी पेठ घड्याळ लावायची. शॉर्टवेव्हवर विविध भारती, ते १९५७ पासूनचं, आणि बुधवारी रात्री रेडिओ सिलोनवर अमीन सयानी. अंधार पडला की मिडियम वेव्ह लांब पळते, म्हणून तुला कानडी लागलं. गुलबर्गा असणार. रात्री हैदराबादही यायचं, आणि तेलुगू लागलं की पेठेतल्या तेलुगू बोलणाऱ्या बाया विडीचा दोरा तोंडात धरून गप्प बसायच्या. मी स्वतः पाहिलंय.

अक्कलकोटकर:
काका, मोबाइलवर १०३.४ आमच्याकडे गच्चीवर येतं, घरात येत नाही. एवढ्याशा अंतराला काय झालं?

कन्ना_चौक_रेडिओवाला:
एफएमची लाट जवळजवळ सरळ चालते, जमिनीच्या उंचवट्यामागे वाकून येत नाही. त्यात तुमच्या भिंती दगडी असतील. इयरफोनची वायर हीच मोबाइलची एरियल, ती गुंडाळून खिशात ठेवू नका, सरळ सोडा.

विजापूर_वेस:
बरं, चुकलो. पण खासगीवर मजा असते हे तरी मान्य करा. आणि तुमच्या आकाशवाणीवर मध्येच शेतीचं सुरू होतं.

कन्ना_चौक_रेडिओवाला:
मजा असते, मीही ऐकतो. पण तीच गाणी दिवसात किती वेळा? संगणकात यादी भरलेली, ती फिरत राहते. बातम्या स्वतःच्या देता येत नाहीत, नंतरच्या धोरणात आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावायची मुभा मिळाली, एवढंच. शिवाय उत्पन्नातला ४ टक्के वाटा सरकारला. मग जाहिरातींशिवाय करतील काय? आणि शेतीचं म्हणशील तर २००४ मध्ये "किसानवाणी" निघाली ती आकाशवाणीच्या ९६ एफएम केंद्रांसाठी. द्राक्षावर औषध कधी मारायचं हे तुझा आरजे सांगणार का? मला शेती नाही, तरी ऐकतो. आवाज घाईत नसतो.

साखरपेठेतली_नात:
काका, आईला वाचून दाखवलं. हैदराबादचं ऐकून ती एकदम तेलुगूत बोलायला लागली. आता या मर्फीत किट बसवून द्याल का?

कन्ना_चौक_रेडिओवाला:
देईन, पण जुनं काही कापणार नाही. किटचा बोर्ड ३ व्होल्टचा आणि तुझा सेट बहुतेक ६ व्होल्टचा, तेव्हा मध्ये व्होल्ट उतरवणारा रेग्युलेटर घालू. आवाज व्हॉल्यूमच्या वरच्या टोकाला देऊ, बटण सेलच्या कप्प्यात. कानडी स्टेशनही राहील. आणायच्या आधी सेल काढ, गळले तर पट्ट्या खातात. मागचं झाकण उघडलं असशील तर स्क्रू चिठ्ठीत बांधून आण, तसले आता मिळत नाहीत.