खुराड्यात हवा पण पाहिजे आणि रानमांजर पण नको, काय करावं? (खानापूर तालुका, जि. बेळगाव)

नमस्कार मंडळी. खानापूरच्या पुढं जांबोटी भागात आमचं घर. परसात वीसेक कोंबड्या आहेत, निम्म्या गावठी, निम्म्या गिरिराज या सुधारित जातीच्या, त्यात चार-पाच तलंगा नुकत्याच अंड्यावर आल्यात. धंदा नाही. घरची अंडी आणि पैपाहुण्याला एखादा कोंबडा, एवढंच. पण सध्या दोन्हीकडनं कोंडी झालीय.

खुराडं आठ फूट लांब, सहा फूट रुंद. खाली दीड फूट चिऱ्याचं जोतं, त्यावर चारी बाजूंनी षटकोनी कोंबडीजाळी, वर एका बाजूला उतरता सिमेंटचा पत्रा. खाली मातीची जमीन, तिच्यावर भाताचं तूस पसरतो. पावसाळ्यात पश्चिमेकडं आणि दक्षिणेकडं ताडपत्री सोडतो, कारण तरणा पाऊस लागला की आमच्याकडं झड आठ-आठ दिवस थांबत नाही. कणकुंबीकडचा पाऊस ज्यांनी बघितलाय त्यांना वेगळं सांगायला नको.

ताडपत्री सोडली की आत कोंदट होतं. सकाळी दार उघडलं की वास थेट नाकात, डोळे चुरचुरतात. तुसाची खाली चिकट थापी बनते. पत्र्याला आतून पाणी सुटतं आणि टपटप परत तुसावरच पडतं. दोन कोंबड्या रात्री घुरघुरायला लागल्यात, एकीच्या डोळ्यात फेस येतोय. डॉक्टरांना दाखवलं. औषध दिलं आणि म्हणाले, आधी हवा खेळती करा, नाहीतर औषध फुकट जाईल.

म्हणून ताडपत्री वर गुंडाळली, तर त्याच आठवड्यात एक गिरिराज गेली. सकाळी बघतो तर कोंबडी आतच, जाळीला टेकून बसल्यासारखी, पण मान नाही. जाळी कुठं तुटलेली नाही. एका जागी तार ताणून मुठीएवढं भोक झालेलं, बाहेर चिऱ्यावर पिसं आणि रक्ताचा ओघळ. बसायचा दांडा त्या जाळीला लागूनच आहे. मग एका दुपारी, सगळी रोप लावायला गेलेली असताना, अंडी फुटलेली सापडली, टरफलं तिथंच. आणि मागच्या कोपऱ्यात जोत्याखालनं माती उकरलेली दिसतेय.

आई म्हणते, आम्ही डालग्याखाली झाकून वर दगड ठेवायचो, काही व्हायचं नाही. खरं आहे, पण वीस कोंबड्यांना डालगी किती आणायची आणि ती ठेवायची कुठं? शेजारचे काका म्हणतात विष घाल. ते मला करायचं नाही. त्यात आमचंच कुत्रं पहिलं मरायचं.

तर विचारायचं असं, की पावसाळ्यात झड अडवून हवा कशी ठेवायची? जाळी कुठली बसवावी? आणि हे सगळं एकच जनावर करतंय की वेगवेगळी? खुराडं पाडून नवं बांधायची ऐपत आत्ता नाही, आहे त्यातच सुधारायचं आहे.

निपाणीहून उत्तर :

भाऊ, जनावर एक नाही. जाळीतनं मान ओढून नेलीय ते रात्रीचं काम, उदमांजर नाहीतर रानमांजर. भरदुपारी अंडी फोडून टरफलं टाकून जातं ते बहुतेक मुंगूस. सापानं अंडं खाल्लं असतं तर टरफल दिसलं नसतं, तो अख्खं गिळतो. उकरलेलं घुशीचं असावं, पण तेच बीळ मुंगसाला आयती वाट होते. विष घालत नाही हे बरं केलंत. उदमांजर, रानमांजर, मुंगूस ही जनावरं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात येतात, उगाच प्रकरण अंगावर यायचं.

षटकोनी जाळी कोंबडी आत ठेवायला असते, जनावर बाहेर ठेवायला नाही. अर्ध्या इंचाची वेल्डमेश, म्हणजे तारा जोडावर वेल्ड केलेली ताठ चौकोनी जाळी, आणा. सगळीकडं परवडत नसेल तर जोत्यापासून तीन फूट उंचीपर्यंत आतून वेल्डमेश मारा, वर आहे ती जाळी दुहेरी करा. पत्रा आणि भिंत यांच्यामधल्या फटीला मात्र वेल्डमेशच पाहिजे, उदमांजर वरनंच येतं. खुराड्यावर झाडाची फांदी आली असेल तर तोडा. आणि दांडा आजच्या आज जाळीपासून दीड फूट आत घ्या. त्याला पैसा लागत नाही.

आता हवेचं. तुम्ही ताडपत्री वरनं खाली सोडता, तिथंच घोटाळा आहे. कोंबड्यांच्या अंगची ऊब आणि विष्ठेची वाफ वर चढते आणि वरचीच वाट बंद असते, म्हणून पत्र्याला पाणी सुटतं. पोल्ट्रीवाले पडदा उलटा बांधतात. खालची कड जोत्याला पक्की करायची, दोरी वरच्या कडेला लावायची आणि पडदा खालून वर ओढायचा. कितीही झड असली तरी वर फूटभर मोकळं ठेवायचं. झड तिरकी येते, तिनं खालचं भिजतं. वळचणीलगतची वरची पट्टी पत्रा पुढं असेल तर भिजत नाही. पश्चिमेला पत्रा तीन फूट तरी पुढं काढा. समोरची पूर्वेची बाजू उघडीच राहू द्या, म्हणजे कोंबड्यांच्या डोक्यावरनं वारा आरपार जाईल आणि बसलेल्या कोंबडीच्या अंगावर येणार नाही.

पडद्याला जनावर अडवायचं काम देऊ नका. ते जाळीचं काम, आणि जाळी बारा महिने तिथंच राहिली पाहिजे. पडदा फक्त पावसासाठी.

तूस सगळं काढून खताच्या खड्ड्यात टाका, नवं कोरडं तीन इंच पसरा आणि दर दोन-तीन दिवसांनी दाताळ्यानं उलथत जा. ओल्या तुसावर चुना मारायचा सल्ला कुणीतरी देईलच. त्यानं विष्ठेतला अमोनिया वायू, तोच तो चुरचुरणारा वास, आणखी सुटतो आणि डोळे जास्त जळतात. पाण्याचं भांडं विटेवर, कोंबडीच्या पाठीएवढं उंच ठेवा. निम्मी ओल सांडलेल्या पाण्याची असते. वास तपासायचा तर उभं राहून नाही, कोंबडीच्या उंचीला खाली बसून तपासा.

येळ्ळूरहून उत्तर :

दादा, वर सांगितलंय ते बरोबर आहे, मी फक्त एवढंच घालते. गिरिराज अंगानं जड, तिला पटकन उडून पळता येत नाही. बेंगळूरला तयार झालेली स्वर्णधारा जात वजनाला हलकी असल्यामुळं जनावराच्या तावडीतनं निसटते असं सांगतात. पुढची पिल्लं घेताना विचार करा. घुरघुरणाऱ्या दोघी वेगळ्या ठेवा आणि त्यांचं भांडं बाकीच्यांना देऊ नका. अंडी दुपारच्या आत गोळा केली तर मुंगसाची खेपच वाया जाते. दाराला नुसती कडी नको, कोयंड्यात खिळा नाहीतर कुलूप घाला. आमच्याकडं तर कुत्र्यानं नाकानं कडी उचललीय.

मूळ प्रश्नकर्ता :

मनापासून आभार. दांडा आत घेतला, ताडपत्री रविवारी उलटी बांधतो. एकच राहिलं. उकरतंय त्याचं काय करू? खाली काँक्रीट घालावं काय?

निपाणीहून उत्तर :

काँक्रीट नको, खर्च जास्त. जोत्याच्या बाहेर, बुडाला लागून, वेल्डमेशची दीड फूट रुंद पट्टी जमिनीवर आडवी अंथरा आणि वर चिरे नाहीतर माती टाका. उकरणारं जनावर भिंतीच्या बुडाशीच सुरुवात करतं आणि तिथं पंजा जाळीवर पडतो. मागं सरकून दीड फुटावरनं खणायचं त्याला सुचत नाही. आधी ते बीळ दगड-विटांचे तुकडे ठोकून बंद करा, मगच जाळी अंथरा. आणि हे काम उघडीप मिळाली की करा, चिखलात जाळी बसत नाही.