मदत हवी आहे : कारवार किनाऱ्यावरच्या परवान्यासाठी भरलेलं डिपॉझिट परत कसं मागायचं?

मंडळी, मी बेळगावात वडगावला राहतो. माझी अक्का कारवारकडे दिली आहे, सासरी पिढीजात मासेमारी. नुसत्या होडीवर घर चालेना म्हणून तिनं गेल्या हंगामात दोन कयाक आणि सावलीला एक तात्पुरता मांडव, एवढ्यासाठी वाळूवर जागा मागितली. पंचवीस हजार भरले, हातातल्या पाटल्या गहाण ठेवून. आठ महिने झाले, परवाना नाही आणि नकारही नाही. विचारलं की किनारा नियमन क्षेत्राची, म्हणजे सीआरझेडची, मंजुरी आली नाही म्हणतात. पैशाचं काढलं की "भरलेली फी परत मिळत नाही". आता या हंगामाला नवा अर्ज, नवे पैसे.

चलन कन्नडमध्ये आहे. दुकानांच्या पाट्या मला वाचता येतात, सरकारी कन्नड नाही. गल्लीतल्या सरांकडून वाचून घेतलं, तर दोन ओळी निघाल्या: 5,000 अर्ज शुल्क आणि 20,000 'ठेवणी'. ठेवणी म्हणजे आपली ठेवच की! मग ती फी कशी झाली?

जानेवारी 2019 च्या सीआरझेड अधिसूचनेत भरतीरेषेपासून किमान 10 मीटर अंतर सोडून पर्यटनाच्या तात्पुरत्या सोयींना वाव आहे, एवढं मी वाचलंय. मालवणचे पाहुणे म्हणालेत की महाराष्ट्रानं 2020 च्या शॅक (किनाऱ्यावरची तात्पुरती खोपटी) धोरणात 80 टक्के परवाने स्थानिकांना ठेवले. पण ते धोरण तिकडचं, इकडं त्याचा दाखला देऊन काय होणार? मला पाहिजे ते एवढंच: 20,000 कुणाकडे आणि कसे मागायचे? इथून कारवारची एक खेप म्हणजे अख्खा दिवस जातो, रिकाम्या हातानं परत यायला नको.

प्रतिसाद
दादा, मी हिशेब खात्यात नोकरी केली आहे. चलनावर रकमेशेजारी लेखाशीर्षाचा, म्हणजे रक्कम सरकारी हिशेबात कुठल्या सदराखाली जमा झाली त्याचा, आकडा असतो, तो आधी बघा. 0 ने सुरू होत असेल तर तो सरकारचा महसूल. तो राज्याच्या एकत्रित निधीत जातो, तिथून परतावा काढायला नियमात तशी तरतूद लागते. 8 ने सुरू होत असेल, उदाहरणार्थ 8443, तर ती रक्कम सार्वजनिक लेख्यात आहे (घटनेचं कलम 266, दुसरा भाग). ती सरकारची कमाई नाही, सरकारकडे सांभाळायला दिलेली तुमची रक्कम आहे. पैसे कोषागारात न जाता एखाद्या मंडळाच्या बँक खात्यात गेले असतील, तर त्या मंडळाकडेच मागावे लागतील.

अर्ज मागे घेतल्याचं पत्र आणि ठेव परतीचा अर्ज एकत्र द्या, चलनाची प्रत आणि अक्कांच्या पासबुकाची प्रत जोडा, पोच घ्या. रक्कम अक्कांच्या नावानं भरली असेल तर अर्जही त्यांच्याच सहीनं. उशीर करू नका, बरीच वर्षं पडून राहिलेली ठेव सरकारजमा होते आणि मग सोडवून घेणं फार किचकट होतं. सोबत माहिती अधिकारात विचारा: फाईल सध्या कुणाच्या टेबलावर आहे, सीआरझेडसाठी कुठल्या तारखेला पुढं पाठवली, ठेव कुठल्या शीर्षात जमा आहे. हा अर्ज इंग्रजीतही चालतो, उत्तर 30 दिवसांत द्यावं लागतं.

धागाकर्ता
फार उपकार झाले. आत्ताच चलन परत काढून बघितलं. पहिल्या ओळीचा आकडा 0 ने सुरू होतोय, दुसऱ्या ओळीचा 8443 ने. अक्काला फोन केला तर ती काही बोललीच नाही, थोड्या वेळानं म्हणाली, "सहीला कधी येऊ?" परतीच्या अर्जाचा कन्नड नमुना कुणाकडे असला तर कृपया इथं टाका, सोमवारी सरांकडून भरून घेतो.