लोंबती पिटुनिया: कोवळी पानं पिवळी, मधला भाग उघडा

ग्रिलबाग, कोपरखैरणे
पश्चिमेच्या ग्रिलला १० इंची टांगती कुंडी, ४ रोपं. ऊन दुपारी १ ते ५. शेंड्याची पानं पिवळी पडतायत, शिरा मात्र हिरव्या. फांद्या दोन फूट लोंबल्यात, फुलं फक्त टोकांना. पाणी टाकीचं, त्यात टँकरचं मिसळतं. महिन्याला मूठभर शेणखत आणि राख. एप्सम सॉल्ट घालू का?

मातीकाम, ठाणे
नको. एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियमचं खत, आणि मॅग्नेशियम कमी पडलं तर आधी खालची, जुनी पानं पिवळी होतात. शेंडा पिवळा आणि शिरा हिरव्या म्हणजे लोह कमी पडतंय. मातीत ते असतं, पण पीएच (मातीच्या आम्लतेचं माप, आकडा वाढला की आम्लता कमी) साडेसहाच्या वर गेला की मुळांना उचलता येत नाही. पिटुनियाला साडेपाच ते सहा मानवतो. राखेने तो चढतो, टँकरचं पाणी जड, म्हणजे क्षारांचं असेल तर त्यानेही. राख आजच थांबवा. ईडीडीएचए प्रकारचं चिलेटेड लोह (पीएच चढलेल्या मातीतही मुळांना उचलता येणारं, पाकिटावर EDDHA लिहिलेलं) लिटरला अर्धा ग्रॅम, मातीत ओता, पानांवर नको. १०-१२ दिवसांनी पुन्हा एकदा. फरक नव्या फुटीवर बघा. माती सतत ओली असली तरी हेच होतं, तेव्हा बोटाचं पहिलं पेर कोरडं लागल्याशिवाय पाणी नाही.

खुडणी, खारघर
फांद्या सगळ्या एकदम कापू नका. दर आठवड्याला एक तृतीयांश, कुंडीच्या काठापासून ५-६ इंच ठेवून, पानाच्या जरा वर. मग १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं विद्राव्य खत) लिटरला १ ग्रॅम, आठवड्यातून एकदा. टांगत्या कुंडीतून खत पाण्याबरोबर वाहून जातं, मूठभर शेणखत पुरत नाही. सुकलेलं फूल नुसतं ओढलं तर पाकळ्या हातात येतात आणि बोंड मागे राहतं. देठासकट खुडा, नाहीतर झाड बी धरत बसतं. आणि १० इंचात ३ रोपं पुष्कळ झाली.

ग्रिलबाग
छाटताना कळ्यांना भोकं दिसली, पानांवर काळे दाणे. बोटंही चिकट झाली. मावा कीड असेल का?

मातीकाम
चिकटपणा झाडाचाच, तंबाखूच्या कुळातलं आहे ते. काळे दाणे म्हणजे कळी खाणाऱ्या अळीच्या लेंड्या. अंधार पडल्यावर टॉर्च घेऊन वेचा. बीटी पावडर (अळ्या मारणारं जिवाणूंचं जैविक कीटकनाशक) पाकिटावरच्या मात्रेत, फवारणी संध्याकाळीच, उन्हात तिचा जोर जातो. ५-७ दिवसांनी परत.

खुडणी
एवढं करून मार्चअखेरपर्यंत बहर मिळेल. पावसाळ्यात टिकवायच्या भानगडीत पडू नका, सडतं. बीही धरू नका. संकरित वाणाच्या बियांतून तीच झाडं येत नाहीत.