क्लॅमएव्हीचा डेटाबेस चार दिवसांपासून अपडेट होत नाही, मदत हवी आहे

पाऊलवाट: मंडळी, आमच्या मेल सर्व्हरवर येणाऱ्या अटॅचमेंट क्लॅमएव्ही या अँटीव्हायरसकडून तपासल्या जातात, परंतु चार दिवसांपासून त्याचा व्हायरस डेटाबेस अपडेट झालेला नाही. सर्व्हर दोनदा रीस्टार्ट केला, प्रोग्रॅम काढून पुन्हा टाकला, तरी उपयोग झाला नाही. कृपया लवकर उपाय सुचवावा.

देवराई: लॉगमध्ये नेमका कोणता एरर येतो आणि अपडेट फ्रेशक्लॅम या क्लॅमएव्हीच्याच अपडेट प्रोग्रॅमने करता की अन्य मार्गाने, हे कळल्याशिवाय काही सांगणे कठीण आहे.

सांजवेळ: लिनक्सवर अँटीव्हायरसची गरजच नसते, हा माझा अनेक वर्षांचा अनुभव आहे. काढून टाका, सर्व्हर हलका होईल.

देवराई: सर्व्हर लिनक्सचा असला तरी त्या मेल उघडणारे विंडोजवर असू शकतात. बाधित अटॅचमेंट दारातच अडवावी, याचसाठी तर मेल सर्व्हरवर क्लॅमएव्ही बसवतात.

उंबरठा: विंडोजवर क्लॅमविन (क्लॅमएव्हीवर आधारित अँटीव्हायरस) वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की फाइल उघडताक्षणी तपासण्याची सोय त्यात नाही, स्कॅन आपणच चालवावे लागते. मी या कारणाने ते सोडले.

पाऊलवाट: विंडोजबद्दल मी विचारलेले नाही. एरर ४०३ आहे, म्हणजे समोरचा सर्व्हर फाइल द्यायला नकार देतो. अपडेटच्या वेळी मेमरी भरून क्लॅमडी, म्हणजे तपासणी करणारी क्लॅमएव्हीची सेवा, बंद पडत असे, म्हणून चार दिवसांपूर्वी फ्रेशक्लॅम थांबवून मी एक स्क्रिप्ट लावली. ती आमच्या तिन्ही सर्व्हरवर दर तासाला डब्ल्यूगेट या फाइल उतरवण्याच्या साधनाने डेटाबेसच्या पूर्ण फाइल उतरवते.

देवराई: हे आधी सांगितले असते तर इतका वेळ गेला नसता. पुष्कळ लोक बदल नसतानाही पूर्ण फाइल पुन्हा पुन्हा उतरवत असल्यामुळे २०२१ पासून डब्ल्यूगेट आणि कर्ल यांसारख्या साधनांना क्लॅमएव्हीच्या अधिकृत सर्व्हरवर मज्जाव आहे. फ्रेशक्लॅम आधी डीएनएसमधील (इंटरनेटवरील नावांच्या यंत्रणेतील) नोंद पाहून नवी आवृत्ती आली आहे का याची खात्री करतो आणि शक्य असेल तेव्हा फक्त झालेला फरक आणतो. स्क्रिप्ट आत्ताच बंद करून फ्रेशक्लॅमची सेवा सुरू करा. तिन्ही सर्व्हरसाठी एकच स्थानिक मिरर (डेटाबेसची स्वतःकडची प्रत) हवा असेल तर त्यासाठी सीव्हीडीअपडेट हे साधन आहे.

मेमरीचे दुखणे मात्र वेगळे आहे. क्लॅमडी एक जीबीहून अधिक मेमरी घेतो, आणि नवा डेटाबेस लोड होईपर्यंत जुनाही धरून ठेवत असल्याने तेवढ्या वेळापुरती गरज जवळजवळ दुप्पट होते. क्लॅमडीच्या सेटिंगमधला कॉन्करंटडेटाबेसरीलोड हा पर्याय ‘नो’ केल्यास ती वाढ टळते, पण लोड होईपर्यंत तपासणी थांबते. मेमरी किती आहे?

पाऊलवाट: २ जीबी.

सांजवेळ: एवढ्या मेमरीत हा प्रोग्रॅम चालवूच नये.

देवराई: मेमरी वाढवता आली तर उत्तमच, परंतु तोवर मेल न तपासता सोडणे मला पटत नाही.

पाऊलवाट: पर्याय बदलला आणि सेवा सुरू केली. आता फ्रेशक्लॅम हाताने चालवला, तर लॉग फाइल दुसऱ्या प्रोसेसने लॉक केल्याचा एरर येतो.

देवराई: ती दुसरी प्रोसेस म्हणजे तुम्ही नुकतीच सुरू केलेली सेवाच आहे. हाताने चालवू नका, लॉग तेवढा पाहा.

पाऊलवाट: पाहिला. डेली हा डेटाबेसचा रोज बदलणारा भाग अपडेट झाला आहे आणि क्लॅमडी चालू आहे. उरलेल्या दोन सर्व्हरवरची स्क्रिप्टही आता काढतो.