ग्रुप टूरनं परदेशातली प्राचीन स्मारकं पाहून आलात? अनुभव सांगा

नोव्हेंबरात आई-बाबांना घेऊन इजिप्तला जायचं ठरतंय, पुण्यातूनच ग्रुप निघतोय. बाबा पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेत, त्यांना पिरॅमिडपेक्षा अबू सिंबेलच्या देवळाची ओढ. आस्वानच्या धरणाच्या पाण्यात बुडणार म्हणून अख्खं देऊळ कापून ६५ मीटर उंचावर नेऊन परत जोडलं, १९६४ ते ६८, हे आम्ही लहानपणापासून ऐकतोय. आईचे गुडघे मात्र कुरकुरतात. ग्रुपबरोबर गेलेल्यांनी लिहा प्लीज, देश कुठलाही चालेल.

धायरीहून
बाबांना नक्की न्या!! आस्वानहून पहाटे साडेतीनला बस निघाली, जवळजवळ २८० किमी नुसतं वाळवंट, नाश्त्याचे डबे हॉटेलनं बांधून दिलेले. आत गाइडला बोलू देत नाहीत, तो बाहेरच फोटो दाखवून सगळं समजावतो, तेव्हा लोक सेल्फीत असतात आणि मग आत गेल्यावर काहीच कळत नाही, म्हणून तेवढी वीस मिनिटं नीट ऐका. दाराशी इजिप्तचा राजा रामसेस याचे चार प्रचंड पुतळे, त्यातल्या एकाचा वरचा भाग फार पूर्वीच पडलेला. देऊळ हलवताना तो जोडून नाही टाकला, पडलेले तुकडे होते तसेच पायाशी ठेवले. ते बघून माझ्या डोळ्यात पाणी आलं, का ते सांगता नाही येणार.

खुफू राजाच्या, म्हणजे गिझातल्या सगळ्यात मोठ्या पिरॅमिडमध्ये आत जायचं तिकीट वेगळं असतं. वाकून चढायचं, कोंदट हवा. आईंना बाहेरच बसवा. वर राजाच्या दालनात आस्वानहून आणलेला ग्रॅनाइट आणि एक रिकामी दगडी पेटी, बास.

सहकारनगरहून
आम्ही अंकोरवाटला गेलो होतो, कंबोडिया. सगळ्यात वरच्या मजल्याचा जिना फार उभा आहे, त्यासाठी सासूबाई महिनाभर आधी रोज सकाळी पर्वती चढत होत्या. चढल्या त्या! पण खरी मजा खाली, समुद्रमंथनाचं शिल्प सुमारे ४९ मीटर लांब, एकीकडे देव एकीकडे असुर, मध्ये विष्णू, खाली कूर्म. गाइड इंग्रजीत सांगत होता आणि सासूबाई मराठीत पुढची गोष्ट सांगायला लागल्या, मग सगळा ग्रुप त्यांच्याकडेच वळला आणि गाइडही थांबून आमच्याकडून भाषांतर करून घेत होता. गुडघे-खांदे झाकणारे कपडे घाला, नाहीतर वर सोडत नाहीत.

चिंचवडहून
मला अजून राग येतो म्हणून लिहितेय. इजिप्तमध्येच कर्नाकच्या देवळात एकाच दालनात १३४ खांब आहेत, आम्हाला अख्ख्या देवळाला चाळीस मिनिटं आणि नंतर पपायरसच्या (जुन्या इजिप्तचा कागद) दुकानात दीड तास. टूरवाल्यांचं नाव घेत नाही. पैसे भरायच्या आधी लेखी विचारा: कुठे आत प्रवेश, कुठे नुसतं बाहेरून, तिकीट कोण भरणार, आणि प्रत्येक ठिकाणी किती वेळ. आम्ही नाही विचारलं. माझ्या वडिलांना त्या खांबांवरची कोरीव चित्रं एकेक करून बघायची होती हो, परत नाही जाता येणार त्यांना.

कोथरूडहून
जॉर्डनमधल्या पेट्राला जाणारे असाल तर दरीतून आत १.२ किमी चालायचं, येताना चढ. बूट जुने, सवयीचे घाला.

धागाकर्ती
सगळ्यांचे आभार. चिंचवडच्या ताई, तुमचे चारही प्रश्न आत्ताच टूरवाल्यांना मेल केले, कर्नाकला निदान दोन तास हवेत असंही लिहिलंय. आई पिरॅमिडबाहेर बसायला तयार आहे. आणि बाबांनी तो पडलेल्या पुतळ्याचा परिच्छेद माझ्याकडून दोनदा वाचून घेतला.